घोडा कशासाठी? : शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डचा अंत

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात नववीच्या मुलांनी शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ या नाटकातील अखेरचा रणप्रसंग मराठीत करून दाखविला. संवाद आम्हीच लिहून दिले होते, तालमीही आम्हीच घेतल्या होत्या. राजाचे काम करणारा मुलगा पाठीला उशी बांधून, एक हात छातीशी आखडून, लाकडी तलवार सांभाळीत रंगमंचाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत आला आणि घोड्यासाठी आक्रोश करू लागला. सभागृहात हशा पिकला. पालक हसले, शिक्षक हसले, आणि खरे सांगावयाचे तर विंगेत उभे असलेले आम्हीही हसलो. दुष्टाची अखेर फजिती झाली, आता तो जीव घेऊन पळू पाहत आहे आणि पळावयास घोडादेखील मिळत नाही, असा त्या प्रसंगाचा अर्थ आम्ही मुलांस समजावून दिला होता व त्या मुलाने तो बिनचूक वठविला होता. प्रयोग संपल्यावर तोंडावरचा रंग पुसता पुसता त्याने आम्हांस विचारले, “सर, त्याला पळायचंच होतं, तर मग तो तिथे लढत का राहतो?” आम्ही काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर आता आठवत नाही, आणि आठवत नाही हेच बरे.

त्या रात्री आम्ही मूळ नाटक पुन्हा उघडले. पंचवीस वर्षे जो प्रवेश आम्ही वर्गात शिकविला तो आम्ही नीट वाचलाच नव्हता, हे ध्यानी येण्यास पाच मिनिटेही लागली नाहीत.

प्रवेश अगदी लहान आहे. छापील पुस्तकात तो जेमतेम अर्धे पान भरतो. प्रथम कॅट्सबी हा राजाचा विश्वासू सेवक नॉर्फकला मदतीसाठी हाका मारीत येतो. तो सांगतो की राजा मनुष्याच्या शक्तीपलीकडचा पराक्रम करीत आहे, त्याचा घोडा मारला गेला आहे, तरी तो पायउतार होऊन लढतच आहे आणि मृत्यूच्या जबड्यात शिरून रिचमंडला शोधीत आहे. ही साक्ष ऐकून झाल्यावर मग राजा येतो व ती जगप्रसिद्ध आरोळी ठोकतो. कॅट्सबी त्यास मागे फिरण्याची विनंती करतो. मागे फिराल तर घोडा मिळवून देतो, असे म्हणतो. राजा त्यास गुलाम म्हणून झिडकारतो. आपण आपला प्राण फाशावर लावला आहे, आता दान जे पडेल ते पडो, असा त्याचा जबाब आहे. रणांगणात सहा रिचमंड दिसतात, पाच आपण मारले, खरा अजून सापडत नाही, अशी त्याची तक्रार आहे; आणि पुन्हा एकदा तो घोडा मागतो. म्हणजे घोडा हवा आहे तो शत्रूकडे जाण्यासाठी, शत्रूपासून दूर जाण्यासाठी नव्हे. पळण्याचा घोडा कॅट्सबी देऊ करतो आणि तोच राजा नाकारतो. इतका स्वच्छ मजकूर समोर असता जगभर त्या ओळीचा उपयोग भित्र्या माणसाच्या थट्टेसाठी व्हावा, आणि एका मुख्याध्यापकानेही तो तसाच करावा, हे मोठे चमत्कारिक आहे.

या घोड्याचा माग काढीत मागे गेले तर आणखी एक गोष्ट दिसते. लढाईच्या आदल्या संध्याकाळी रिचर्ड आपल्या ‘सरे’ नावाच्या पांढऱ्या घोड्यावर दुसऱ्या दिवशीसाठी खोगीर चढविण्याची आज्ञा देतो. मग रात्र होते. रंगमंचावर एकाच वेळी दोन तंबू आहेत, एक रिचर्डचा व एक रिचमंडचा, आणि रिचर्डने ज्यांचे प्राण घेतले ती अकरा माणसांची भुते क्रमाने येऊन एकास शाप व दुसऱ्यास आशीर्वाद देऊन जातात. त्या स्वप्नातून दचकून जागा होताना रिचर्डच्या तोंडून निघणारे पहिले शब्द घोड्याविषयीचेच आहेत. दुसरा घोडा द्या, माझ्या जखमा बांधा, असे तो म्हणतो. त्याने उद्याची लढाई झोपेतच लढली आहे आणि झोपेतच त्याचा घोडा पडला आहे. सकाळी पुन्हा घोडा सजविण्याची आज्ञा होते. यानंतर जेव्हा प्रत्यक्ष रणांगणात घोड्याची हाक येते तेव्हा तिच्यात नवे असे काही उरत नाही. स्वप्नात जे ऐकले तेच आपण जागेपणी ऐकतो. घोड्याची आरोळी ही केवळ शेक्सपिअरची कल्पना होती असेही नाही. १५९४ साली छापल्या गेलेल्या एका अनामिक नाटकातही रिचर्ड रणात ताजा घोडा मागतो. परंतु आदल्या संध्याकाळपासून मृत्यूच्या क्षणापर्यंत त्या घोड्याची दोरी ओढीत आणण्याचे काम मात्र शेक्सपिअरचेच म्हटले पाहिजे.

आता नाटक क्षणभर बाजूस ठेवून लढाईकडे पाहू. ७ ऑगस्ट १४८५ रोजी हेन्री ट्यूडर, म्हणजेच नाटकातील रिचमंड, वेल्सच्या किनाऱ्यावर उतरला. २२ ऑगस्टला लेस्टरशायरमधील बॉसवर्थजवळ दोन्ही सैन्यांची गाठ पडली. रिचर्ड त्या वेळी अवघा ३२ वर्षांचा होता आणि त्यास गादीवर येऊन दोनच वर्षे व काही आठवडे झाले होते. त्याची आघाडी सांभाळणारा नॉर्फकचा ड्यूक पडला. पिछाडीस असलेला नॉर्थंबरलंडचा अर्ल लढाईत उतरलाच नाही. आणि स्टॅन्ली बंधू आपापल्या फौजा घेऊन, पारडे कोणीकडे झुकते ते पाहत बाजूस उभे राहिले. अशा वेळी हेन्री थोड्याशा लोकांनिशी आपल्या मुख्य सैन्यापासून दूर आहे असे रिचर्डच्या दृष्टीस पडले, आणि त्याने निवडक घोडेस्वार घेऊन सरळ त्याच्यावर घाव घातला. हेन्रीचे निशाण धरणारा विल्यम ब्रँडन त्याने स्वतः मारला, जॉन चेनी या धिप्पाड योद्ध्यास घोड्यावरून खाली पाडले, आणि हेन्री आता हाताच्या अंतरावर आला असता विल्यम स्टॅन्लीने आपली फौज रिचर्डवर घातली. राजा चोहोंकडून घेरला गेला आणि मारला गेला. जाँ मॉलिने या बरगंडीच्या इतिहासकाराच्या वृत्तांताप्रमाणे त्याचा घोडा दलदलीत रुतला होता व एका वेल्श सैनिकाच्या लांब दांड्याच्या परशूने त्याचा अंत झाला. रणांगणात मरण पावलेला इंग्लंडचा हा शेवटचा राजा.

हा वृत्तांत रिचर्डच्या मित्रांनी लिहून ठेवलेला नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. १४८६ च्या सुमारास क्रोलंडच्या मठातील बखरीची पुरवणी लिहिणारा अनामिक लेखक रिचर्डच्या कारभारावर कठोर टीका करतो. तरीही तो शूर राजपुत्राप्रमाणे लढताना पडला, पळताना नव्हे, असे लिहिण्यास तो कचरत नाही. जॉन राऊस हा तर अधिकच बोलका नमुना आहे. रिचर्ड जिवंत असता त्याने राजाची स्तुती लिहिली; राज्य पालटल्यावर रिचर्ड दोन वर्षे आईच्या पोटात राहून दात व खांद्यापर्यंत केस घेऊन जन्मास आला, असे लिहावयासही तो चुकला नाही. असा हा लेखणी फिरविणारा मनुष्य. पण मृत्यूच्या जागी येताच त्याचीही लेखणी थबकते, आणि राजा अखेरच्या श्वासापर्यंत थोर योद्ध्यास शोभेल असा लढला, हे तो मान्य करून टाकतो. तिसरा पॉलिडोर व्हर्जिल. हेन्री ट्यूडरच्याच प्रोत्साहनाने इंग्लंडचा इतिहास लिहावयास घेतलेला हा इटालियन पंडित. त्याचा ग्रंथ १५३४ साली छापला गेला. रिचर्ड शत्रूंच्या ऐन गर्दीत मर्दासारखा लढत मारला गेला, असे तो लिहितोच. शिवाय असेही सांगतो की लढाई हातची जाते असे पाहून जवळच्या लोकांनी राजासाठी वेगवान घोडा आणला व निघून जाण्याची विनवणी केली, परंतु आज युद्धाचा तरी शेवट करीन किंवा प्राणांचा तरी, असे म्हणून त्याने ती नाकारली.

आपल्याकडील वाचकास येथे संभाजी महाराजांची आठवण होणे स्वाभाविक आहे. मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीत त्यांचे जे चित्र आले आहे ते लिहिणारा हात, ज्यांस महाराजांनी देहान्त शासन केले त्या बाळाजी आवजींच्या वंशातला होता, आणि वा. सी. बेंद्रे यांचा चरित्रग्रंथ १९६० साली येईपर्यंत आमची नाटके बहुधा त्याच चित्रावर पोसली गेली. पण तेथेही मृत्यूच्या प्रसंगी बखरकाराची व नाटककाराची लेखणी नमते. जिवंतपणी ज्यास दोष द्यावयाचे त्यास मरताना न्याय द्यावा लागतो, असा काही धर्म प्रतिकूल इतिहासकारांनीही पाळलेला दिसतो. असो. हे सादृश्य अधिक ताणणे बरे नव्हे. दोघांच्या मृत्यूची जात निराळी आहे.

व्हर्जिलची ही घोड्याची हकीकत एडवर्ड हॉल आणि हॉलिन्शेड यांच्या इतिहासांतून शेक्सपिअरच्या हाती आली. इतिहासात घोडा आणला जातो व राजा तो नाकारतो. नाटकात राजाच घोडा मागतो. वरवर पाहता शेक्सपिअरने प्रसंग उलटा केला असे वाटते, आणि आमचीही अनेक वर्षे तशीच समजूत होती. पण कॅट्सबीची विनवणी व तिचा धिक्कार हे दोन्ही त्याने जसेच्या तसे राखले आहेत. फक्त नकार मागणीच्या पोटात घातला आहे. नकार हा शांत मनुष्याचा असतो. मागणी तप्त मनुष्याची असते. इतिहासातील राजा मरणाचा निश्चय करून स्थिर झाला आहे. नाटकातील राजा मरेपर्यंत काहीतरी मिळवू पाहतो आहे. पहिल्या अंकापासून ज्यास आपण केवळ मिळवीतच जाताना पाहिले त्याने अखेरही काही मागावे, हे स्वभावास धरून आहे. फरक इतकाच की ज्या राज्यासाठी भाऊ, पुतणे, पत्नी यांपैकी कोणासही त्याने शिल्लक ठेवले नाही, ते राज्यच आता तो मोबदल्यात देऊ करतो. यात विनोद आहे, हे नाकारता येणार नाही. पण तो विनोद भित्रेपणाचा नाही.

येथपर्यंत शेक्सपिअरने शत्रूच्याही साक्षीला मान दिला. पुढे मात्र त्याने इतिहास सोडला आहे आणि तो कोठे सोडला हे पाहणे अगत्याचे आहे. नाटकात रिचर्डला रिचमंड स्वतः मारतो. दोघे समोरासमोर येतात, लढतात, एक पडतो. मूळ इतिहासग्रंथांत असे द्वंद्व नाही. तसे पाहिले तर शेक्सपिअरला ही सवयच आहे. ‘चौथ्या हेन्री’च्या पहिल्या भागात राजपुत्र हॅलच्या हातून हॉटस्परला मारविताना त्याने हेच केले. परंतु येथे त्याची किंमत निराळी आहे. आदल्या रात्री रिचमंडने आपण ईश्वराचे सेनापती आहोत अशा भावनेने प्रार्थना केली आहे. भुतांनी कौल दिला आहे. तो कौल अमलात आणावयास एकच हात हवा. बाजूस उभ्या राहिलेल्या एका सरदाराच्या फौजेने हेलमेटवाचून उघड्या पडलेल्या मस्तकावर मागून घाव घातले, असे दाखविले तर तो ईश्वरी न्याय कसा वाटावा? म्हणून विल्यम स्टॅन्लीचे ते निर्णायक आक्रमण नाटकातून नाहीसे झाले. ज्याने हेन्रीचे प्राण वाचविले त्या या गृहस्थाचे मस्तक १४९५ साली हेन्रीनेच राजद्रोहाच्या आरोपावरून उडविले, हेही जाता जाता सांगून टाकतो.

तेवढ्याने भागत नाही. युद्धापूर्वी रिचमंड ब्रँडनला नाव घेऊन निशाण धरावयास सांगतो, म्हणजे शेक्सपिअरला ब्रँडन माहीत आहे. लढाईनंतर मृतांची यादी वाचली जाते तीत ब्रँडनचे नाव शेवटी येते. पण त्यास कोणी मारले याचा उच्चारही नाही. राजाने शत्रूच्या निशाणापर्यंत घोडा घातला व निशाण धरणारा स्वहस्ते पाडला, ही त्या दिवसाची सर्वांत मोठी गोष्ट यादीतील एका नावात गडप झाली आहे. त्याऐवजी आपणांस मिळतात ते पाच खोटे रिचमंड, ज्यांस आपण पाहिले नाही व ज्यांची नावेही आपणांस ठाऊक नाहीत. हा आमच्या मते अन्याय आहे. एलिझाबेथ राणी हेन्री ट्यूडरची नात. तिच्या राज्यात १५९२-९३ च्या सुमारास हे नाटक लिहिले गेले, तेव्हा यापेक्षा अधिक लिहिणे शक्य नव्हते असे म्हणता येईल. पण हॉलिन्शेड तिच्याच राज्यात छापला गेला होता आणि त्यात हे सारे होते. तेव्हा भीतीपेक्षा नाटकाची गरजच अधिक प्रबळ ठरली असावी.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास बसलो तीकडे वळतो. रिचर्ड मरताना बोलत नाही.

हे नाटक ‘हॅम्लेट’ खालोखाल शेक्सपिअरचे सर्वांत लांब नाटक, आणि त्यात रिचर्डएवढे कोणी बोलत नाही. पडदा उघडताच तो एकटा येऊन आपल्याशी बोलू लागतो. आपले बेत आधी आपणांस सांगतो, मग पार पाडतो, मग येऊन त्यावर भाष्यही करतो. सासऱ्याच्या प्रेतासमोर विधवेला वश करून घेणारी जीभ ती हीच. असा मनुष्य रिचमंडसमोर येतो तेव्हा नाटककाराने काय लिहिले आहे? संवाद नाही. केवळ रंगसूचना आहे: दोघे लढतात, रिचर्ड मारला जातो. साऱ्या नाटकात रिचर्ड आणि रिचमंड एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत. हॉटस्परला मरताना बोलावयास अवधी मिळाला आहे, इतका की त्याचे अर्धे राहिलेले वाक्य त्यास मारणारा राजपुत्रच पुरे करतो. मॅकबेथ आणि मॅकडफ यांची लढण्यापूर्वी बोलाचाली होते; शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ ज्यांनी वाचला आहे त्यांस तो शेवट आठवेल. रिचर्डला मात्र घोड्याच्या आरोळीपुढे शब्द नाही.

नटांना हे मौन कधीच मानवले नाही. १७०० साली कॉली सिबर याने नाटकाची काटछाट करून आपली रंगावृत्ती तयार केली, तीत दोघांची आधी शाब्दिक चकमक घडविली आणि रिचर्डच्या तोंडी मरतानाचे भाषणही घातले. पुढे सुमारे दीडशे वर्षे इंग्लंडची रंगभूमी बहुतांशी याच आवृत्तीवर चालली. १७४१ साली डेव्हिड गॅरिक एका रात्रीत प्रसिद्धीस आला तो याच बोलत मरणाऱ्या रिचर्डमुळे. १९५५ च्या चित्रपटात लॉरेन्स ऑलिव्हिएने शब्द घातले नाहीत, पण रिचर्डला एकट्या रिचमंडच्या हाती न देता सैनिकांच्या घोळक्यात मारविले. म्हणजे नट असो की दिग्दर्शक, शेक्सपिअरने मोकळी सोडलेली जागा प्रत्येकाने काही ना काही घालून भरलीच.

ही जागा मोकळी का? घाईत लिहिलेल्या तरुण नाटककाराची ती उणीव आहे, असे काहींचे मत पडते. आम्हांस तसे वाटत नाही. रिचर्डचे बोलणे हे सदैव कोणाला तरी फसविण्यासाठी असते. फसविण्यास दुसरे कोणी नसेल तर तो प्रेक्षकांना भागीदार करून घेतो. भुते निघून गेल्यावर तो जे स्वगत बोलतो त्यात पहिल्यानेच त्याच्यासमोर कोणी उरलेले नाही. तो स्वतःशीच प्रश्नोत्तरे करतो. स्वतःपासूनच पळावे काय, असे विचारतो. आपल्यावर प्रीती करणारे एकही माणूस नाही, आपण मेलो तर कोणी हळहळणार नाही, हे त्यास तेथे कळते. पळण्याचा विचार त्याच्या मनात येतो तो याच ठिकाणी, रणांगणात नव्हे! त्या पहाटेनंतर त्याच्या भाषेचे कामच संपलेले आहे. सैन्यासमोर तो एक भाषण करतो, पण ते शिव्यांचे भाषण आहे. त्यात पूर्वीचे कौशल्य औषधालाही नाही. मग आज्ञा, मग आरोळी, मग काही नाही. जिभेने मिळविलेले राज्य तलवारीने राखण्याची वेळ आली तेव्हा तो जिभेवाचून मेला, आणि जिभेवाचूनच तो खरा होता. शत्रुपक्षाच्या इतिहासकारांनी जो एकच गुण त्याच्या पदरी टाकला तो शेक्सपिअरने असा, एक अक्षर न लिहिता, ठेवून दिला आहे.

२५ ऑगस्ट २०१२ रोजी लेस्टर शहरातील एका मोटारतळाच्या जागी, जेथे पूर्वी फ्रान्सिस्कन भिक्षूंचा मठ होता तेथे, लेस्टर विद्यापीठाच्या उत्खननास आरंभ झाला आणि पहिल्याच दिवशी एक मानवी सांगाडा हाती लागला. रिचर्डच्या बहिणीच्या वंशजांशी रक्ताचे नाते पडताळून, तो त्याचाच असल्याचे ४ फेब्रुवारी २०१३ रोजी जाहीर करण्यात आले. मठ १५३८ साली मोडला गेला होता आणि राजाची हाडे नदीत फेकून दिली अशी दंतकथा पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. ती खोटी ठरली. आमचीही एक समजूत त्याबरोबर खोटी ठरली, ती येथे कबूल केली पाहिजे. कॉलेजात असताना आम्ही जोसेफिन टे यांची १९५१ सालची ती सुप्रसिद्ध कादंबरी वाचली होती. इस्पितळात पडून राहिलेला एक पोलीस अधिकारी केवळ पुस्तकांच्या आधारे रिचर्डला निर्दोष ठरवितो, ती. तेव्हापासून आम्ही वर्गात ठणकावून सांगत आलो की रिचर्डची वाकडी पाठ ही ट्यूडरांची बनावट. सांगाड्याचा कणा एका बाजूस स्पष्ट वळलेला निघाला. कुबड नव्हते, आखडलेला हातही नव्हता. पण एक खांदा दुसऱ्यापेक्षा वर असावा इतका बाक होता. नाटकाला इतिहास मानणे ही जशी चूक, तशी नाटकात आहे म्हणून ते खोटे मानणे हीही चूकच. आणि आम्ही दोन्ही केल्या. तशा कण्याचा मनुष्य चिलखत चढवून, भरधाव घोडा शत्रूच्या निशाणावर घालतो, ही गोष्ट मात्र कोणत्याही नाटकात आलेली नाही.

मृत्यूविषयी त्या हाडांनी जे सांगितले ते २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मृत्यूच्या सुमाराच्या जखमा अकरा. त्यांपैकी नऊ कवटीवर. कवटीच्या तळाशी दोन मोठे घाव आहेत, एक जड पात्याचा व एक टोकदार शस्त्राचा. प्राण बहुधा यांपैकीच एकाने घेतला. माथ्यावर कातडीसह हाडाचा पातळ छिलका काढणारे वारही आहेत. गुटोर ग्लिन या समकालीन वेल्श कवीने आपल्या एका सरदाराची स्तुती करताना, रिचर्डचे चिन्ह जो रानडुक्कर, त्याच्या मुंडनाचा उल्लेख केला आहे. ही काव्यातील अतिशयोक्ती नसावी, असे ती कवटी पाहणारांस वाटू लागले. हातांवर बचावाच्या जखमा नाहीत, यावरून चिलखत अंगावरच होते. मस्तकावर इतक्या जखमा, यावरून शिरस्त्राण गेलेले होते. एका वीराशी एका वीराचे द्वंद्व येथे दिसत नाही. घोळक्याने, वेगवेगळ्या शस्त्रांनी, उघड्या डोक्यावर केलेले काम दिसते.

उरलेल्या दोन जखमा एका बरगडीवर व एका कमरेच्या हाडावर आहेत. कमरेची जखम मागून खुपसलेल्या शस्त्राची आहे. चिलखत असता त्या जागी असा वार बसणे कठीण; म्हणजे तो प्रेतावर, ते उघडे केल्यानंतर झाला असावा. राजाचे प्रेत नग्न करून, एखादे जनावर टाकावे तसे घोड्यावर आडवे टाकून लेस्टरला नेले, हे इतिहासकारांनी लिहून ठेवलेच होते. शेक्सपिअरच्या टेबलावरील पुस्तकांत ते होते, तरी त्याने ते घेतले नाही. त्याचा रिचमंड विजयी भाषणात पडलेल्या सरदारांस त्यांच्या कुळास साजेसे दफन देण्याची आज्ञा करतो. सांगाडा सापडला तो खड्डा मात्र प्रेतापेक्षा आखूड होता. मान वर मुडपून प्रेत त्यात बसविले होते. शवपेटीचा मागमूस नव्हता. प्रेताची ती विटंबना रंगमंचावर दिसती तर चार अंक द्वेष करावयास शिकलेल्या प्रेक्षकाच्या मनात दया उत्पन्न झाली असती, आणि नाटकाच्या समाप्तीस ती परवडण्याजोगी नव्हती. आश्चर्य एवढेच, की घोड्याचा असा अखेरचा उपयोग ठाऊक असूनही शेक्सपिअरने तो टाळला. ज्याने घोडा मागितला त्यास तो मिळाला, पण असा.

२६ मार्च २०१५ रोजी लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये त्या अस्थी समारंभपूर्वक पुन्हा पुरण्यात आल्या. त्या वर्षी आमच्या शाळेत स्नेहसंमेलनासाठी एखादा ऐतिहासिक प्रसंग बसवावा असा विचार निघाला, तेव्हा आम्ही तोच प्रवेश पुन्हा घेतला. पहिला मुलगा केव्हाच शाळा सोडून गेला होता. नव्या मुलाच्या पाठीची उशी आम्ही काढून टाकली व एका खांद्याखाली दुमडलेला रुमाल तेवढा ठेवला. घोड्याची हाक पळत न देता, रिचमंड ज्या बाजूने येणार त्या बाजूस तोंड करून द्यावयास सांगितले. कॅट्सबीचे काम करणाऱ्या मुलास त्याचा हात धरून ओढावयास लावले, म्हणजे तो हात झटकला जाताना लोकांस दिसेल.

एका ठिकाणी मात्र आम्ही अडलो. छापील नाटकात रिचर्ड पडतो आणि लगेच, स्टॅन्लीने आणलेला राजमुकुट घेण्यासाठी, रिचमंड पुन्हा प्रवेश करतो. पण तो बाहेर केव्हा गेला हे लिहिलेले नाही, आणि रिचर्डच्या प्रेताचे काय झाले हेही लिहिलेले नाही. संपादकांचा यावर जुना वाद आहे. कोणी प्रेत आत नेववितात, कोणी तेथेच ठेवतात. मुलांनी विचारले, “सर, याला उचलून न्यायचं का?” आम्ही सांगितले, नको, राहू द्या. मग तो मुलगा, डोळे मिटून, रिचमंडचे शांततेवरील भाषण संपेपर्यंत तेथेच पडून राहिला, आणि त्या वेळी सभागृहात कोणी हसले नाही.